डोंगरावर जाणाऱ्या सायकलीला काय काय लागतं

डिसेंबरचा पहिला रविवार. पहाटे चांगलीच थंडी, नऊनंतर ऊन, वारा उत्तरेचा, आभाळ स्वच्छ.

रोज हवामानाची एक ओळ लिहायची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. तेवढीच लिहून वही मिटायची, असं दररोज ठरवतो. पण आमच्या मंडळींपैकी कुणीतरी त्या दिवशी काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते त्या ओळीखाली येऊन बसतं. आता अशा गोष्टी इतक्या साठल्या आहेत की वहीत हवामान शोधावं लागतं.

आमची मंडळी म्हणजे हिवरखेडला राहून सातपुड्यातल्या वस्त्यांवर शाळा चालवणारे आम्ही चार-पाच शिक्षक. रस्ता बैलगाडीचा, चढाचा, दगडगोट्यांचा. वाहन म्हणजे सायकल, तीही बाजारातून भाजी आणायला घेतलेली. नवा शिक्षक आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "डोंगरावर सायकलीनं जायचं तर सोबत काय काय घ्यायचं?" उत्तर प्रत्येकाचं वेगळं, आणि प्रत्येक उत्तरामागे कुणाची तरी फजिती.

*

आमच्यात सर्वांत ज्येष्ठ गावंडे गुरुजी. त्यांचं उत्तर ठरलेलं. "पंप. बाकी काई नसलं तरी चालते."

एकदा त्यांच्याच चाकात हवा टिकेना. भरावी आणि वस्तीपर्यंत जाईतो चाक मऊ. शेवटी सायकल सत्तारभाईंकडे नेली. सत्तारभाई म्हणजे बाजारपेठेतले आमचे मिस्त्री. त्यांनी व्हॉल्व काढला तर आत राख. पंप उघडला तर त्यातही राख.

"गुरुजी, हा पंप घरी कोन वापरते?"

"कोनीच नाई. रातच्याला चुलीपाशी ठेवतो. चोरी नाई जावा म्हणून."

सत्तारभाईंनी पंप धुऊन वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, स्वतःच दुकानात हजर.

"सत्तारभाऊ, पंप लवकर द्या बा. फुंकनी मी शेजारी देऊन टाकली."

*

मागच्या वर्षी अमरावतीहून राजूरकर नावाचे तरुण शिक्षक आले. त्यांना सागमाळ मिळालं. सागमाळ म्हणजे आमच्या सगळ्या वस्त्यांत उंचावरची, कोरकू आदिवासींची. राजूरकरांनी कुणाला काही विचारलं नाही. चढावर सायकल हलकी हवी म्हणून त्यांनी मडगार्ड काढले, चेनकव्हर काढलं आणि घंटीही काढली. "डोंगरात वाजवायची कुणासाठी?" असं ते म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं.

आठवडाभर ते रोज वेळेवर वर गेले आणि रिकाम्या शाळेत बसून परत आले. एक मूल फिरकलं नाही. शनिवारी वस्तीचा पटेल लाकडं घेऊन शाळेवरून चालला होता. राजूरकरांना पाहून तो दचकलाच.

"मास्तर, तुमी कवा आले?"

"मी रोजच येतो. मुलं कुठं आहेत?"

"पोरं त घंटीची वाट पाहून राहिले. शेवटच्या वळनावर वाजली का धावत येतात. आमाले वाटलं, सरकारनं मास्तरच पाठवला नाई."

वरच्या कुठल्याच शाळेला टोल नाही. इतकी वर्षं आमच्या सायकलीच्या घंट्यांवर शाळा भरत होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

*

चढताना दम लागतो. उतरताना मात्र जीव टांगणीला लागतो. ब्रेकचे रबर दोन उतारांत गुळगुळीत होतात आणि सायकल आपलं ऐकेनाशी होते. त्यावर आमचा उपाय जुना आहे. पानं असलेली एक मोठी वाळकी फांदी दोरीनं कॅरियरला बांधायची. ती मागे घासत येते आणि सायकलीला आवरून धरते. पायथ्याशी आलं की फांदी सोडायची. तिथं फुलईची झोपडी आहे. फुलई आम्हाला चहा करून देते आणि चुलीत आमच्या फांद्या जाळते.

एकदा सत्तारभाईंच्या कृपेनं आमच्या सगळ्यांच्या सायकलींना नवे रबर बसले. आम्ही ऐटीत फांदीशिवाय उतरलो आणि फुलईच्या ओट्यावर बसलो. ती काही हलेना.

"फुलई, चहा?"

"आज ब्रेक नाई, त चहा नाई."

राजूरकरांनाही आम्ही निघताना बजावून सांगितलं होतं, "दोरी घ्या आणि फांदी बांधायला विसरू नका." घंटीच्या प्रकारानंतर ते सगळ्यांचं ऐकू लागले होते. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेपाशी ते घामानं निथळत आले. मागे पळसाची भलीमोठी फांदी. पायथ्यापासून ती ओढत आणली होती.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "आणि उतरताना दोन बांधायच्या का?"

दिवाळीत ते घरी गेले ते आलेच नाहीत. सागमाळहून गेलेले ते दुसरे शिक्षक.

*

मग कचेरीतून तोंडी निरोप आला. सागमाळला शिक्षक टिकत नाही. आता एक बाई पाठवत आहोत. तपासणीच्या दिवशी शाळा वेळेवर भरलेली दिसली नाही तर शाळा बंद, आणि बाईंची जागाही गेली. मुलांना खालच्या गावात घालायचं. ती मुलं एवढा डोंगर उतरून कधीच आली नसती, हे आम्हाला ठाऊक होतं.

बाई आल्या त्या सुशीला इंगळे. चांदूर बाजारच्या. वडील शेतमजूर. मुलगी शिकली पाहिजे हे त्यांनी छप्पनच्या साली ठरवलं आणि तडीस नेलं. घरातली ही पहिली नोकरी. सायकल त्यांना सपाटीवर येत होती. पातळ अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी होती. आणि सीटवर होती एक गुबगुबीत उशी, आईनं घरच्या कापसाची शिवून दिलेली, निळ्या खोळीची.

गावंडे गुरुजींनी उशीकडे पाहिलं. "बाई, शाळेत चालल्या का बैठकीले? मांगून लोड-तक्क्या येऊन राहिला काय?"

"गुरुजी, तुमी पंपाचं पाहा," बाई म्हणाल्या. राखेची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

काय काय घ्यायचं ते बाईंनी विचारलंच नाही. त्या सत्तारभाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "टायर कसा काढतात आन् कसा बसवतात, थे दाखवा."

"बाई, मी हाये ना. तुमी कायले हात काळे करता?"

"तुमी हिवरखेडात आहा. चाक वरतं फुटन."

सत्तारभाईंनी दाखवलं. बाईंनी चार वेळा टायर काढला, चार वेळा बसवला. मग घंटीला तेल घालून घेतलं आणि गेल्या.

पहिल्या आठवड्यात दोनदा पडल्या. एकदा कोपर फुटलं. गुरुजींनी हळद लावायला सांगितली आणि पुन्हा म्हणाले, "उशी कोपराले बांधा. तिथं कामी पडन." बाई हसल्या. पण त्या दिवसापासून आम्हालाच काळजी लागून राहिली.

*

तपासणीचे साहेब आले ते मंगळवारी. नवे होते, पश्चिमेकडचे. त्यांना वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाई आमच्या आधीच निघाल्या होत्या. साहेबांची सायकल नवी होती, पण पहिल्याच चढाला ते उतरले आणि हातात धरून चालू लागले. म्हणून मीही उतरलो.

दुसऱ्या वळणावर बोरीच्या झुडपाला एक ट्यूब लटकत होती. व्हॉल्वच्या बुडाशी वीतभर फाटलेली. तिच्यावरचं लाल ठिगळ सत्तारभाईंचं होतं, मी लगेच ओळखलं. अशा जागी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ बसत नाही. सोबत पंप असो, सोल्युशन असो, काही उपयोग नाही.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"असेल कुणाची तरी," मी म्हणालो.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. शाळेची वेळ होत आली होती. सायकल ढकलत बाई वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, आणि घंटी वाजल्याशिवाय मुलं येणार नव्हती.

थोडं वर गेल्यावर साहेब वाकले. रस्त्यावर पांढरा, बोंडाएवढा पुंजका पडला होता. पुढच्या दगडापाशी आणखी एक. त्यापुढे आणखी.

"मास्तर, इथं डोंगरात कापूस होतो?"

"नाही साहेब. कापूस खाली."

आणि तेवढ्यात वरून, शेवटच्या वळणावरून, घंटी ऐकू आली. लागोपाठ, लांबलचक. मग पोरांच्या धावण्याचा गलका.

आम्ही पोचलो तेव्हा मुलं ओळीनं बसून पाढे म्हणत होती. बाईंचे हात कोपरापर्यंत काळे. सायकल कुडाला टेकवलेली होती. पुढच्या टायरच्या कडेनं कापूस आणि वाळलं गवत डोकावत होतं. सीट उघडी. निळी खोळ घडी घालून कॅरियरला लावलेली.

साहेबांनी टायर बोटानं दाबून पाहिला. "पंक्चर कुठं काढलंत?"

"काढलंच नाई साहेब. ट्यूब कामातून गेली. उशीतला कापूस टायरात भरला. कमी पडला तिथं गवत कोंबलं."

"मग आता उतरताना बसणार कशावर?"

"पायी जाईन. तुमीबी पायीच आले ना?"

साहेबांनी सगळ्या मुलांची हजेरी घेतली. एक पाढा म्हणून घेतला. फुलईकडे आम्ही तिघंही चहा प्यालो.

सागमाळची शाळा चालू राहिली. पुढच्या सोमवारी गावंडे गुरुजींच्या सीटवर उशी होती. खोळ वहिनींच्या जुन्या लुगड्याची.