आखाजीचा झोका

नव्वदीच्या आसपासची काही वर्षं दर गुरुवारी मी जळगावहून धुळ्याला एसटीनं जायचे. पारोळ्यापर्यंत बसायला जागा मिळाली तर नशीब. धुळ्यात उतरेपर्यंत कमरेचा काटा ढिला झालेला असायचा, आणि उतरून काम काय, तर मुलांना खेळवायचं. खेळवणाऱ्याला उत्साह लागतो म्हणतात. माझा बहुतेक बसमध्येच राहून जायचा.

एका दवाखान्यानं मला मागची खोली दिली होती. आधी तिथं मोडक्या खाटा ठेवत. आढ्याच्या कडीला मी जुन्या नऊवारीची झोळी बांधली. रांगत आतून जाण्यासाठी जळगावहून रुंद पाइपाचा टाकाऊ तुकडा आणला. हात खुपसायला टबभर हरभऱ्याची डाळ ठेवली. ज्या मुलांना आवाज, स्पर्श, गर्दी सोसत नाही, चार मुलांत मिसळता येत नाही, त्यांना खेळातून थोडं थोडं सरावू द्यायचं, असं ते काम. माझ्या शिक्षणाचं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मी नुसती 'खेळाची बाई' झाले. हे सगळं समजावता समजावता माझा घसा बसायचा.

साक्रीकडच्या एका खेड्यातून एक आई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. सोबत सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. मुलगी बोलत नव्हती. कोणी हात लावला की किंचाळायची, मग तो आईचा का असेना. आपण होऊन तर कोणाला शिवतच नसे. पाय जमिनीवरून सुटले की विहिरीत ढकलल्यासारखी घाबरायची.

पहिल्याच दिवशी आबांनी खोलीभर नजर फिरवली. "बाई, पोर खेळाले तं घरबी खेळस. औषध काय शे ते द्या."

याला औषध नाही म्हटलं, तर मी ते कपाटात दडवून ठेवलंय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते बाहेर गेल्यावर आई बोलली. "ताई, पोर नही बोलनी तरी चाली. माले आखाजीले माहेर जानं शे."

खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणीची ती हक्काची सुट्टी. भाऊ न्यायला येतो, माहेरी लिंबाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात आणि चार दिवस कोणी काम सांगत नाही. ही बाई मागे एकदा मुलीला घेऊन गेली, तेव्हा झोक्यांपाशी मुलगी इतकी ओरडली की गाणी थांबली. पुढल्या खेपेला हिला घरीच ठेव, असं कोणीतरी सुनावलं. पण मुलगी दुसऱ्या कोणाजवळ राहत नसे. तेव्हापासून भाऊ दर वर्षी यायचा आणि चहा पिऊन एकटाच परत जायचा. बाई हे रडत सांगत नव्हती. कांद्याचा भाव सांगावा तसं सांगत होती. तिचा तो थकवा मला ओळखीचा वाटला.

होळी जवळ आली होती, म्हणजे हातात जेमतेम दीड-दोन महिने. मी झोळी जमिनीला टेकेल इतकी खाली सोडली. पाय उचलायचे नाहीत, नुसतं बसायचं. काही गुरुवार गेल्यावर मुलगी क्षणभर टेकली. मी आईला सांगितलं, घरीही असाच झोका बांधा, बसली तर बसू द्या, उठली तर उठू द्या.

इथंच घोळ झाला. झोका हेच औषध आहे असं घरानं मनावर घेतलं, आणि पोराला औषध नाक दाबून पाजायचं असतं हे कोणाला ठाऊक नाही? झोका लिंबाला चांगला उंच बांधला गेला. गल्लीतल्या बाया जमून आखाजीची गाणी आधीच म्हणू लागल्या. पडू नये म्हणून आबांनी आपल्या उपरण्यानं नातीला झोक्याला बांधलं आणि सगळ्यांनी आळीपाळीनं झोके दिले.

"बठ्ठा जन उनात," सगळी गल्ली आली होती, असं आबा मला त्या गुरुवारी कौतुकानं सांगत होते.

मुलगी खोलीच्या उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. झोळी दिसली की कान झाकून घ्यायची. मी आबांना नको तितकं बोलले. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी घडी घातली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले. मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त कंटाळा आला होता. आता पुन्हा श्रीगणेशा.

पुढच्या गुरुवारी बसमध्ये धुळ्यापर्यंत उभी होते. मुलगी उंबऱ्यावर बसलेली. तिला बोलवायचंही त्राण माझ्यात नव्हतं. मी सरळ झोळीत बसले आणि डोळे मिटले. झोळी हलवायला बाजूला एक दोरी बांधलेली होती. थोड्या वेळानं झोळी हलली. पाहते तर मुलगी खोलीत, हातात दोरी. तिनं ओढली, मी हलले. तिनं थांबवलं, मी थांबले. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अजून," मी म्हटलं. तिनं परत ओढली.

आम्ही सगळे तिला झोक्यात बसवायच्या मागे लागलो होतो. तिला झोका द्यायचा होता. एखाद्या पुस्तकात हे लिहिलेलं असेलही, मला ते पाठ दुखत होती म्हणून कळलं.

उरलेले गुरुवार झोळीत आई बसली. मुलगी दोरी ओढायची, थांबायची, आईच्या 'आजून'ची वाट बघायची. मायलेकींचा तो पहिला खेळ. पण दोरीच्या अंतरावरून. त्याहून जवळ ती येत नव्हती.

आखाजीच्या तोंडावर आईनं विचारलं, जाऊ का? तिला कान झाकू द्या, बळजबरी करू नका, गर्दी झाली की लांब बसा, असं सांगून मी हो म्हटलं. घरी आल्यावर मात्र धास्ती घेतली. मुलगी याही वेळी ओरडली असती, तर त्या बाईनं माहेरचं नावच टाकलं असतं.

आखाजीनंतर ती आली ती सांजोऱ्यांचा डबा घेऊन. काय झालं ते विचारायचा मला धीर होईना. तिनंच सांगितलं. दिवसभर दोघी माहेरच्या गोठ्यामागे बसून होत्या, गाणी तिथूनच ऐकली. ऊन उतरल्यावर बाया आखाजीची गौराई बोळवायला नदीवर गेल्या आणि झोका मोकळा झाला. आई जाऊन बसली. मुलगी मागोमाग आली आणि ओढायची दोरी शोधत झोक्याभोवती फिरली. लिंबाच्या झोक्याला तसली दोरी कुठून असणार?

"मंग तिनी माले झोका दिधा," आई म्हणाली. "हात लाईसन."

पाठमोरी होऊन, पदर सरकवून तिनं मला जागा दाखवली. इथं, दोन्ही तळवे. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

मुलगी दर झोक्यानंतर हात मागे घेऊन थांबायची. बाया नदीवरून परतेपर्यंत आई 'आजून' म्हणत राहिली होती.