‘हो साहेब’ म्हणण्याचे तोटे

कोर्टातले किस्से गोळा करावे लागत नाहीत. काळ्या कोटाला मांजराचे केस चिकटावेत तसे ते आपोआप चिकटतात. आणि घरी गेल्यावर ऐकायला कोणी नसलं, की झटकलेही जात नाहीत, साठतच राहतात. मी कायद्याचं पुढचं शिक्षण स्कॉटलंडमध्ये घेतलं आणि ‘प्रत्येक आरोपीला त्याचे हक्क समजलेच पाहिजेत’ एवढं एकच वाक्य घेऊन पुण्यात आले. मित्रमैत्रिणी तिकडेच राहिले, आईबाबा नागपूरला. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत पंखा सोडला तर कुणी आवाज करत नाही. तेव्हा तुम्हीच ऐका.

*

ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या केसेस मी घेते. पहिलाच अशील तुरुंगात होता, मोबाईल चोरीच्या आरोपात. जाळीपलीकडे तो, अलीकडे मी. मी जीव तोडून सांगत होते, “तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे! स्वतःविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणीही भाग पाडू शकत नाही!”

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“गप्पच हाय की मॅडम. भेटायलाच कुणी येत नाही, बोलू कुणाशी?”

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. काम काहीच नव्हतं. आम्ही क्रिकेटवर बोललो.

*

माझे सीनियर लेले सर. चाळीसएक वर्षं फौजदारी वकिली केलेला माणूस. कौतुक करतानाही टोमणा मारल्यासारखं वाटतं. त्यांनी मला पहिला धडा दिला तो मार्केट यार्डातल्या एका हमालाकडे बोट दाखवून. रस्त्यावरच्या मारामारीची किरकोळ केस होती. वकील नको म्हणाला आणि मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे एकटाच उभा राहिला.

“नाव हेच ना?”

“हो साहेब.”

“आरोप समजला?”

“हो साहेब.”

“गुन्हा कबूल आहे?”

“हो साहेब.”

थोडासा दंड झाला, पाच मिनिटांत बाहेर! हात जोडत आमच्यापाशी आला. “साहेब लई भला माणूस. मिटलं ना आता?”

लेले सर म्हणाले, “मिटलं. सकाळी तुम्ही नुसते आरोपी होतात, आता रीतसर गुन्हेगार झालात. अभिनंदन.”

माणूस खुशीत निघून गेला. सर माझ्याकडे वळले. “मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणू नये, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. निम्म्या शिक्षा त्यातून होतात. तुमच्या स्कॉटलंडात आहे का हा विषय?”

नव्हता.

*

मग मी ठरवलं, लोकांपर्यंत आपणच जायचं. हडपसरला एका देवळाचा हॉल मिळवला, ‘आपले हक्क जाणून घ्या’ असा फलक लावला. तीन माणसं आली. एकजण पंख्याखाली झोपायला. दुसरे, हॉलची किल्ली ज्यांच्याकडे होती ते काका. ते म्हणाले, “मॅडम, हक्क जरा आवरते घ्या, पुढं भजनी मंडळ हाय.”

तिसऱ्या मंगलताई. अंगणवाडीत मदतनीस. सगळे गेल्यावर जवळ आल्या.

“दंड भरला की पाटी कोरी होते का हो?”

त्यांची थोरली जाऊ शालन हिच्याशी पाण्याच्या टँकरच्या रांगेत भांडण झालं होतं. शालनच्या कपाळाला कळशी लागली, तिनं पोलिसांत तक्रार दिली. आता घरातले सगळे मंगलताईंना सांगत होते, ‘कबूल कर, दंड भर आणि घरी ये. हेलपाटे नकोत.’

मी सांगितलं, “कबूल केलं की तुम्ही दोषी ठरता. दंड भरला तरी ती शिक्षाच असते. उद्या चारित्र्य पडताळणी झाली तर ती निघते. अंगणवाडीतलं काम जाऊ शकतं.”

त्या रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचायला लागल्या.

“पोरं मला मंगलमावशी म्हणतात,” एवढंच म्हणाल्या.

*

‘नाही’ म्हणायची तालीम आम्ही कोर्टाच्या कँटीनमध्ये घेतली. मी मॅजिस्ट्रेट.

“गुन्हा कबूल आहे का?”

“हो सा...”

“मंगलताई!”

“अहो, समोरचा एवढा शिकलेला माणूस मानानं विचारतोय, तोंडावर नाही कसं म्हनायचं?”

लेले सर चहा ढवळत म्हणाले, “सासरी कुणाला ‘नाही’ म्हणालात का कधी?”

“एकदाच. त्याचीच तर केस हाय!”

*

तारखेला शिपायानं नावाचा पुकारा केला, मंगलताई पिंजऱ्यात गेल्या. साहेबांनी आरोप वाचून दाखवला. गुन्हा कबूल आहे का?

ओठ हलले. आवाज नाही.

“जरा मोठ्यानं बोला.”

“नाही!” एवढ्या जोरात, की मागच्या बाकावरचा हवालदार दचकून उभा राहिला. “चुकलं साहेब... म्हंजी गुन्हा नाही चुकला, वरडले ते चुकलं!”

साहेबसुद्धा हसले. बाहेर मात्र बाक रिकामा होता. सोबत आलेला दीर रागानं न सांगताच निघून गेला होता.

त्या रात्री जेवताना खानावळीतल्या काकूंना मी भरभरून सांगितलं.

“म्हणजे केस जिंकलात?”

“नाही हो, ती ‘नाही’ म्हणाली!”

“बरं. भात वाढू का?”

*

मग तारखांवर तारखा. दोघी जावा यायच्या, घरचं कुणी नाही. एकाच बाकाची दोन टोकं धरून बसायच्या. तडजोड झाली असती तर डाग न लागता केस संपली असती. मी आधी शालनताईंना विचारलं.

“मी तिच्याशी बोलत नाही.”

मंगलताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “मीबी नाही बोलत, सांगा तिला.”

लेले सर म्हणाले, “दोघींचं एकमत आहे. आणखी काय हवं?”

*

अखेर शालनताईंची साक्ष लागली. कपाळावर खूण अजून दिसत होती. पिंजऱ्यात मंगलताई मान खाली घालून उभ्या. मी उलटतपासाचे प्रश्न घोटून आले होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, “ज्या बाईनं मारलं, ती आज कोर्टात आहे? दाखवा.”

शालनताईंनी सगळीकडे नजर फिरवली. पंखा, घड्याळ, पिंजरा.

“नाही.”

“नीट बघा. पिंजऱ्यात कोण आहे?”

“माझी धाकटी जाऊ. पन मारनारी ही नव्हं. अंधार होता, दिसलं नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, टँकर सकाळी अकराला आला होता ना?”

“आला होता.”

“मग अंधार कसा?”

“आमच्या गल्लीत असतो, साहेब.”

मी उठायला लागले, तेवढ्यात लेले सरांनी मागून कोट ओढला. “बसा खाली!”

दुसरा साक्षीदार नव्हताच. मंगलताई निर्दोष सुटल्या. शालनताई मागे वळूनही न बघता जिना उतरून गेल्या. मंगलताई रिकाम्या जिन्याकडे बघत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

“मॅडम, कोर्टात खोटं सांगितलं की त्याचीबी केस होती का?”

“होऊ शकते.”

“मग तिचं वकीलपत्र तुमीच घ्या.”