शेपटाचं गाडगं

माही मोठी जाऊ विमलाबाई लय तोंडाळ. सरपंच असो का जावई, कोणाले सोडत नाही. पण तलावाच्या पाणी कमिटीची निवड आली, का हेच बाई भेवून जाये!

आमच्या धानाच्या बांध्या तलावाच्या नहराच्या पार शेपटाले, पाणी पोचते ते सगळ्यांच्या मागून. वरच्या बांध्यांवाल्यांचा पुढारी गुलाब, मधल्यांचा खुशाल. गावाची रीत अशी, का उभा राहील त्याच्या नावाचं एक गाडगं, अन् दर घराचं मत म्हणजे एक चिंचोका. ज्याच्या गाडग्यात जास्त, पाचही मेंबर त्याचेच. आमी शेपटाचे थोडे. आपलं गाडगं मांडलं त चिंचोके वाया जातील अन् गुलाब येईल, म्हून मुकाट खुशालले टाकत होतो. "निदान गुलाब त नाही!" हे विमलाबाईच सांगे.

मागच्या साली खुशाल आला. पाणी त्याच्या बांधीपाशीच अडलं. आमचा धान लोंब्या निसवता निसवता वाळला. विमलाबाई बांधीच्या धुऱ्यावर बसून ढसाढसा रडली. मले असा राग आला म्हणता!

यंदा सभेत ते उठली. "पाचही मेंबर एकाचेच काहून? जसे चिंचोके तसे मेंबर वाटा ना! पाचवा हिस्सा घरं आमची, त एक मेंबर आमचा."

"मंग कमिटीत रोज भांडणंच होतील, बाई," गुलाब म्हणे.

"होऊ द्या! आता का आरती करून राहिले तुमी?"

सारे हासले. मागच्या साली पाचही गमावले होते गुलाबनं. डोकं खाजवत थोच पहिले हो म्हणाला, मंग सारी सभा.

यंदा विमलाबाईच्या नावाचं गाडगं मांडाचं ठरलं, त निवडीच्या सकाळीच खुशाल दारात. "वहिनी, मलेच टाका, नाही त गुलाब येते."

गाडग्यांपाशी विमलाबाईचा हात सवयीनं खुशालकडंच गेला. मी मागून वरडली, "बाई!" तिनं हात मागं घेतला अन् चिंचोका आपल्या गाडग्यात टाकला.

गुलाबचे दोन, खुशालचे दोन, अन् आमची एक, विमलाबाई. आता दोघंही तिले चहाले बोलावतेत. पहिल्याच बैठकीत शेपटाची पाण्याची पाळी ठरली.

परवा पाणी आलं. घोट्याएवढ्या पाण्यात विमलाबाई फावडं टेकून उभी, पाण्याकडंच पाहत.

"काय झालं, बाई?"

"इतके साल कोणाले पाडाचं तेच पाहत राहिली वं मी," ते म्हणाली. डोळे पुसले, हुश्श केलं, अन् फावड्यानं बांधीचं तोंड फोडून पाणी पुढं सोडलं. आमच्याही खाली रुखमिणीची एक बांधी हाये.