लेव्हलनाना

नाना लग्नाच्या पंगतीत भरिताचा पहिला घास घेत, डोळे मिटत आणि अहिराणीत निकाल देत, "लेव्हल बरोबर शे." मग कुठे यजमानाचा जीव भांड्यात पडे. जळगावात पिंप्राळ्यापासून मेहरूणपर्यंत जिथे जिथे केबलचं इंटरनेट होतं, तिथे त्यांना लेव्हलनाना म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

लेव्हल म्हणजे वायरीतून मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलची ताकद. नानांच्या मीटरवर ती आकड्यात दिसे. शून्याच्या आसपास असली की घर सुखी. फार खाली गेली तरी नेट तुटे, फार वर गेली तरी तुटे. "पुटपुटणारा आणि ओरडणारा, दोघांचंही कोणी ऐकत नाही, भाऊ," नाना म्हणत. हा मीटर ते नातवाच्या लोकरी कानटोपीत ठेवत. मे महिन्यातसुद्धा.

दुसरे टेक्निशियन आले की थेट मोडेमपुढे मांडी ठोकून बसत. नाना घरात यायचेच नाहीत. आधी रस्त्यावरचा खांब, मग वायर बोटांत धरून भिंत, पाइप, गच्ची. चहा घेऊन आपणच त्यांच्यामागे फिरायचं. "आजारी कुठे झोपलाय ते मागून बघू. आधी तो काय खाऊन आला ते बघू."

आमच्याकडे ते आले, तेव्हा माझी मुलगी सायली रडायच्या बेतात होती. दुपारी बारा वाजता तिची नोकरीची मुलाखत होती, व्हिडिओवर. आणि आमचं नेट आठवडाभर सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी परत यायचं. केबलच्या ऑफिसातली माणसं यायची संध्याकाळी सातला. सगळं ठणठणीत. दोनदा मोडेम बदलून झाला. शेवटी मी स्वतः अक्कल चालवली आणि मेहुण्याच्या सल्ल्यानं सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवला. त्यानंतर नेट जास्त जोमानं जाऊ लागलं.

नानांनी भिंतीवरचा बूस्टर पाहिला, मग मला पाहिलं.

"हा कोणी लावला?"

"मेहुणे म्हणाले..."

"रडणाऱ्या माणसापुढे कर्णा ठेवला, तर काय ऐकू येईल, भाऊ? मोठं रडणं." त्यांनी बूस्टर काढून माझ्या हातात दिला. बायको हसली. तिला ते लवकरच महागात पडणार होतं.

कारण वायर चाचपत नाना गच्चीवर गेले. तिथे बायकोचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, खाटेवर वाळत होते. रोज दहाला ती खाट उन्हात ओढायची, संध्याकाळी सावलीला. नाना खाटेजवळ उकिडवे बसले. मीटर जोडला. मायनस चौदा. त्यांनी एका हातानं खाट उचलली. आकडा वर चढला. खाली ठेवली, उतरला. तीनदा केलं, जादूगारासारखं.

"बाकी बठ्ठं ठीक शे," ते गंभीरपणे म्हणाले. "खाटना पाय तेवढा वायरवर शे."

"मग खाट कुठे नेऊ?" बायको म्हणाली. "ऊन इथेच आहे."

"वहिनी, ऊन मुलाखतीनंतरही राहील."

चेपलेला तुकडा कापून त्यांनी नवा कनेक्टर लावला, तेव्हा बाराला दहा कमी होते. मुलाखत चाळीस मिनिटं चालली. तेवढा वेळ नाना डोक्यावर रुमाल टाकून वायरीपाशी बसून होते. बिबड्यांवर बसू पाहणारे कावळेही त्यांनीच हाकलले.

महिन्याभरानं सायलीचं नोकरीचं पत्र आलं. पेढे घेऊन आम्ही पिंप्राळ्यात नानांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शहरात फायबर आलं होतं, तांब्याच्या तारा उतरत होत्या. नाना धुळ्याला मुलाकडे गेले होते. सायली म्हणाली, पेढे धुळ्यालाच जातील.

धुळ्यात, देवपूरला मुलाच्या घरी नाना अंगणात पेपर वाचत होते. मीटर नव्हता, कानटोपी नातवाच्या डोक्यावर होती. सायली पाया पडली.

"नाना, मुलाखतीत मला विचारलं, अलीकडे एखादी अडचण कशी सुटताना पाहिलीत? मी तासाभरापूर्वीची खाटच सांगितली. साहेब हसले, आणि मग खोदून खोदून विचारत बसले."

तिनं पेढा पुढे केला. नानांनी तो घेऊन हातातच ठेवला.

"दुरुस्तीनंतर लेव्हल किती आली, ते विचारलं?"

"विचारलं ना. मी सांगितलं, मायनस तीन."

"दोन," नाना म्हणाले. "मायनस दोन होती. त्यांना कळवून टाक."

आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.