भिंतीची भोकं

सोसायटीत गिलाव्याचं काम निघालं की ओल्या सिमेंटचा वास जिन्यातून वर येतो आणि मला मुलुंडची ती भिंत आठवते. चाळीसेक वर्षांपूर्वी मी नवी इंजिनिअर होते; टेकडीच्या पायथ्याला इमारत होत होती आणि मागची माती धरून ठेवणारी भिंत माझ्या हिशेबाने बांधली होती. मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्यात ओळीने पाइप ठेवले होते. एका सोमवारी जाऊन पाहते तर एकही भोक दिसेना. मालवणकडच्या म्हाताऱ्या गवंड्याने रविवारची सुट्टी मोडून सगळी बुजवली होती आणि वरून थापी अशी सफाईने फिरवली होती की पाइप कुठे होते ते शोधावं लागलं. "भोकां बरी दिसत नाय होती," तो कौतुकाची वाट बघत म्हणाला. मी म्हटलं, "काका, पाणी मागे अडलं तर भिंत पुढे ढकलली जाईल." त्याचा चेहरा उतरला. "मगे आधी सांगूक नको?" खरंच होतं ते. नकाशात सगळं होतं, त्याला सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं होतं. दुपारभर आम्ही दोघांनी छिन्नी-हातोडीने भोकं मोकळी केली, मग त्याने वरच्या मातीत पाण्याची नळी सोडली. बराच वेळ काहीच नाही. मग एकेका भोकातून गढूळ धार लागली आणि हळूहळू निवळली. त्याने तिच्याखाली थापी धुतली, मागे सरून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता बरी दिसतत." परवा वाकडी वाट करून मी ती भिंत पाहून आले. जागची हललेली नाही. प्रत्येक भोकाखाली शेवाळाचा हिरवा ओघळ आहे. बरे दिसतात.