खोडलेलंही वाचता आलं पाहिजे

वर्गात शिकवलेलं डोक्यात राहत नाही, वर्गात घडलेलं मात्र साचत जातं! जपानमध्ये, फुनाबोरीतल्या एका सार्वजनिक सभागृहात मी दर शनिवारी सकाळी जपानी लिहायला शिकते. चार वर्षं झाली. अक्षरं अजूनही अर्धी विसरते, किस्से मात्र इतके जमलेत की पुण्याला फोन लावला की आई म्हणते, "भाषेचं राहू दे गं, तुझ्या त्या मास्तरांचं काय झालं ते सांग."

मास्तर म्हणजे आमचे कुवाबारा-सेन्सेई. वय अठ्ठ्याऐंशी, फुकट शिकवतात. 'मृणाल' म्हणता येत नाही म्हणून मला 'मुरिनारु-सान' म्हणतात; 'सान' हे आदरार्थी. वर्गात आम्ही तिघंच. मी, आयटीतली टेस्टर. दोइना, रोमानियाची, साठीला टेकलेली. जवळच्या निशी-कसाईत कपडे अल्टर करून देते. आणि सोक-सान, कंबोडियाचे, तेही साठीचे. तरुणपणी निर्वासित म्हणून इथे आले आणि लाँड्रीत चाळीस वर्षं काढली. जपानी फर्डं बोलतात, लिहायचं मात्र राहून गेलं.

सेन्सेई धरून या तिघांचं बालपण हुकूमशाहीत गेलं. माझं कोथरूडमध्ये. त्यामुळे मी बहुतेक वेळा ऐकते.

*

एकदा दोइना वर्गाला तासभर उशिरा आली. सेन्सेईंनी कारण विचारलं.

"स्टेशनजवळ रांग होती. उभी राहिले."

"कसली रांग?"

"ते शेवटी कळलं. रामेनच्या नूडल्सची. मी तर जेवून आले होते!"

आम्ही हसलो. मी म्हटलं, "अगं, आधी विचारायचं ना!"

"आधी विचारलं की नंबर जातो," ती गंभीरपणे म्हणाली. तिच्या लहानपणी रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं. एकदा तिची आई कडाक्याच्या थंडीत पाच तास उभी राहिली. वाटलं, मांस असेल. निघालं बूट पॉलिश! आईने तीन डब्या घेतल्या. काहीतरी मिळतंय ते सोडायचं कसं?

"घरात खायला बटाटे," दोइना म्हणाली, "पण बूट बघाल तर अख्ख्या देशात आमचेच चकचकीत!"

*

सेन्सेईंचा एक नियम आहे. चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही, गिरवून काळंही करायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, बस. मी एकदा सवयीने एक अख्खं वाक्य गिरगिटून टाकलं, तर त्यांनी माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं!

मग सांगितलं. युद्ध संपलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांचे मास्तर सम्राटासाठी मरण्याचे धडे पाठ करून घ्यायचे. एक शब्द चुकला की थोबाडीत. युद्ध हरलो, जिंकलेल्यांचं सैन्य आलं, सुट्टी संपली, तेच मास्तर वर्गात आले आणि म्हणाले, "शाई आणि ब्रश काढा. पुस्तकातल्या मी सांगतो त्या ओळी काळ्या करा." पान उजेडाकडे धरून बघायचे, अक्षर दिसलं तर पुन्हा शाई.

"ज्या ओळीसाठी माझा कान तीन दिवस दुखला, तीच ओळ होती," सेन्सेई म्हणाले. "मी विचारलं, यात चुकीचं काय होतं? मास्तर म्हणाले, बोलू नकोस, रंगव."

पेन माझ्या हातात परत देत म्हणाले, "खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, मुरिनारु-सान. नाहीतर काय चुकलं होतं ते कळणार कसं?"

*

शरद ऋतूत परदेशी रहिवाशांचा भाषणांचा कार्यक्रम असतो. आयोजक मुलगा अगदी नम्र. त्याने दोइनाला सांगितलं, "भाषणाचा मजकूर दोन आठवडे आधी द्यायचा हं."

दोइनाचा चेहरा उतरला. "कोण वाचणार?"

"आम्हीच! भाषा तपासायला फक्त."

"हो. आमच्याकडचे तपासणारेही असंच म्हणायचे."

तो बिचारा गोंधळला. पण तिने मुकाट्याने एक पान दिलं. कोबीच्या पानात खिमा भरून शिजवतात त्याची रेसिपी. त्याला फार आवडली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती माइकसमोर आली, हातात कागद नाही. बोलली आपल्या वडिलांच्या टाइपरायटरबद्दल. रोमानियात घरी टाइपरायटर असला तर दरवर्षी तो उचलून पोलीस ठाण्यात न्यायचा आणि त्याच्या अक्षरांचा नमुना द्यायचा. कुणी काही पत्रक टाइप केलं तर मशीन ओळखता यावं म्हणून! राजवट कोसळली, तरी पुढच्या जानेवारीत वडिलांनी टाइपरायटर पुसला, कोट चढवला आणि दारापर्यंत गेले. आईने विचारलं, "कुठे निघालात?" वडील तिथेच खुर्चीवर बसले. कोट घालून, टाइपरायटर मांडीवर घेऊन, संध्याकाळपर्यंत.

ती खाली उतरली तेव्हा तो मुलगा धावत आला. "दोइना-सान, कागदावर तर रेसिपी होती!"

"हो," दोइना म्हणाली. "कागद तुमच्यासाठी होता."

*

माझी मुलगी इरा दहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. शाळेतून गृहपाठ मिळाला होता : युद्धकाळ पाहिलेल्या माणसाशी बोला. मी तिला वर्गात नेलं.

इराने पहिलाच प्रश्न विचारला, "सगळं चुकीचं चाललं होतं तर मोठी माणसं काहीच का बोलली नाहीत?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. सेन्सेईंनी हातानेच मला थांबवलं.

"माझे वडील आमच्या गल्लीतल्या दहा घरांचे प्रमुख होते," ते म्हणाले. "कोण काय बोलतं ते वर कळवायचं, हे त्यांचं काम. आमच्या शेजारी एक छापखान्यातला माणूस राहायचा. एके सकाळी त्याला पोलीस घेऊन गेले. तो परत आला नाही."

"तुमच्या बाबांनी सांगितलं होतं?"

"माहीत नाही. त्यानंतर तीस वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवलो. विचारलं नाही."

दोइनाने मान वळवली. इराची पेन्सिल हवेतच थांबली होती. माझ्याकडे बघत, चक्क मराठीत तिने विचारलं, "आई, हे लिहू?"

सेन्सेईंना मराठी कळत नाही, पण प्रश्न बरोबर कळला.

"लिही," ते म्हणाले. "आणि पेन्सिलीने नको."

*

सोक-सान कागद हातभर लांब धरून वाचायचे. तरी अक्षर लागलं नाही की माझ्याकडे सरकवायचे. एक दिवस सेन्सेई वैतागले. "चष्मा घ्या! का घेत नाही?"

सोक-साननी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "माझे वडील शिक्षक होते."

सोक-सान सात वर्षांचे असताना कंबोडियातल्या नव्या राजवटीच्या सैनिकांनी त्यांचं सगळं शहर रिकामं केलं, माणसांना पायी खेड्यांकडे हाकललं. चष्मा म्हणजे शिकलेला माणूस, आणि शिकलेल्यांना वेगळं काढून नेत होते. वडिलांनी वाटेतल्या तळ्यात चष्मा फेकला आणि सांगितलं, मी सायकलरिक्षा चालवायचो. चष्म्याशिवाय दहा पावलांवरचं दिसेना. सोक-सान त्यांचा हात धरून चालायचे.

शेतावर एक दिवस तिथल्या म्होरक्याने वडिलांसमोर एक कागद धरला. मुद्दाम उलटा. जो सुलटा करेल, त्याला वाचता येतं!

वडिलांनी तो तसाच डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "मासा काढलाय का?"

म्होरक्या हसला. सगळे हसले.

"म्हणजे वाचले!" मी म्हटलं.

"त्या दिवशी," सोक-सान म्हणाले.

पुढचा शनिवार आम्ही वर्गात बसलोच नाही. चौघंही निशी-कसाईला चष्म्याच्या दुकानात गेलो. डोळे तपासून झाले. काउंटरवरच्या मुलीने मोठ्या अदबीने एक बिनफ्रेमचा, पारदर्शक, हलका चष्मा पुढे केला. "हा बघा. घातलाय हे कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही!"

सोक-साननी तो दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"जाड काळा दाखवा," ते म्हणाले. "रस्त्याच्या पलीकडून दिसला पाहिजे."