पाण्याला वास नव्हता

सॅलडची पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटीचं काम केलं आणि त्या नऊ वर्षांत ते सॅलड एकदाही तोंडात घातलं नाही. घरचे म्हणायचे, नखरे करते. नखरे डोंबलाचे! आत काय चालतं ते मला माहीत होतं, एवढंच. कारण आत जे चालायचं ते मीच करायचे.

आमची शेड नावड्याच्या अलीकडे, तळोज्याच्या कारखान्यांच्या रांगेत. सकाळी टेम्पोतून लेट्यूस, पालक असा पाला उतरायचा. बायका तो निवडायच्या, मग पानं क्लोरीनच्या टाकीतून धुऊन निघायची, सुकायची आणि पाकिटात बंद व्हायची. पाकिटावर ठळक छापलेलं, ‘धुतलेलं आहे, थेट खा.’ निवडताना बाजूला पडलेली पानं बायका घरी न्यायच्या आणि लसूण-मिरची घालून परतायच्या. कच्चं कुणी खायचं नाही. मी एकदा विचारलं तर सगळ्या हसायलाच लागल्या. “कच्चा पाला खायाला आमी काय ढोरं हाव?”

हे बोलली ती टाकीशेजारच्या टेबलावरची मावशी. नावडे गावातलीच, पन्नाशीची, सहा वर्षं कंत्राटदाराच्या हाताखाली राबत होती. त्या वर्षी काही बायकांना कंपनीत पर्मनंट करणार होते आणि यादीत पहिलं नाव तिचं होतं. यादी माझ्या टेबलामागे चिकटवलेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी यायची आणि बोट ठेवून विचारायची, “हाय ना ग बाय?” मी म्हणायचे, “आहे मावशी, कुठे पळून जातंय!” तिच्या नावाचं टपाल घरात कधी आलंच नव्हतं. कंपनीचं पत्र आलं की आधी देवापुढे ठेवणार, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तिच्या बोटांत एक कसब होतं. सडायला लागलेलं पान डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला चिकट लागतं. ग्लव्ह्ज घालून ते कळत नाही, म्हणून ती एक ग्लव्ह काढून काम करायची. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा, कारण तिच्या टेबलावरच्या मालाची तक्रार कधी यायची नाही.

माझं काम सोपं होतं. दर तासाला टाकीच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवायची, जांभळी झाली तर क्लोरीन पुरेसं आहे असं समजायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा आणि सही ठोकायची. आता खरं सांगते. सकाळच्या चहाच्या आत मी संध्याकाळपर्यंतचे सगळे आकडे भरून मोकळी व्हायचे. वर दोन वेगवेगळी पेनं वापरायचे, संशय नको म्हणून! माझ्या आधीच्या माणसाने मला हे शिकवलं आणि नंतर आलेल्या मुलीला मी शिकवलं. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं ते यासाठी.

एके दिवशी अकराच्या सुमाराला मावशी ओल्या हातांनीच माझ्या दारात आली. “बाय, आज पान्याला वास नाय ग.” रोज त्या टाकीच्या वासाने तिचे डोळे चुरचुरायचे, तिला बरोबर कळलं होतं. मी कसल्यातरी मिटिंगच्या फायली लावत होते. म्हटलं, “असू दे मावशी, पंप टाकेल क्लोरीन आपोआप.” तीन वाजता ती पुन्हा आली तेव्हा मी वैतागून उठले आणि पट्टी बुडवली. पांढरी फटक! क्लोरीनचा कॅन सकाळपासून कोरडा होता आणि पंप नुसती हवा ढकलत होता. मी कॅन बदलला. सकाळचा माल तासाभरापूर्वीच गाडीतून निघून गेला होता. एक फोन केला असता तर गाडी वाटेतच थांबली असती. पण मग रजिस्टर उघडावं लागलं असतं आणि त्यात अकरा, बारा, एक, दोन, सगळ्या तासांचं पाणी माझ्या अक्षरात झकास होतं. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून मी फोन केला नाही.

चौथ्या दिवशी खारघरहून तक्रार आली. तिथल्या एका टॉवरमध्ये वाढदिवस होता आणि सॅलड खाल्लेली माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. एका लहान मुलीला आयसीयूत ठेवलं होतं. कॅन कोरडा होता त्याच दिवशीच्या पाकिटात ई. कोलायचे जंतू सापडले. माझी तर पाचावर धारण बसली. आठवडाभराने ती मुलगी बरी होऊन घरी गेली हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. हे मी माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगत नाहीये. भीती मुलीची किती आणि नोकरीची किती, हे मला आजही सांगता येत नाही.

कंपनीने माल परत मागवला. दरवर्षी आम्ही याची रंगीत तालीम करायचो, दोन तासांत पाकीट न् पाकीट कुठे आहे ते कागदावर दाखवायचो आणि टाळ्या वाजवून समोसे खायचो. आता खरी वेळ आली तेव्हा दुकानांत न खपलेली चार खोकी परत आली. बाकीचं लोकांच्या पोटात गेलं होतं. ते कुठून मागवणार, कपाळ!

मग चौकशी. बाहेरून एक सल्लागार साहेब आले. त्यांनी माझं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, “पाणी तर परफेक्ट आहे. म्हणजे प्रॉब्लेम हातांचा आहे.” बायकांच्या हातांचे नमुने घ्यायचं काम मला दिलं. बाकीच्या चहावरून हात धुऊन आल्या होत्या. मावशी टेबलावर कच्चा पाला निवडत होती, मी तिचा नमुना तिथेच, तसाच घेतला. त्यात जंतू निघाले. निघणारच! शेतातून आलेला पाला हाताळणाऱ्या कुणाच्याही हातावर निघाले असते, माझ्यासुद्धा. पहिल्या वर्षाच्या पोरीला कळेल अशी गोष्ट, आणि मी काही बोलले नाही.

तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर, सल्लागार, कंत्राटदार आणि कोपऱ्यात मी.

“ग्लव्ह काढता?” मॅनेजरने विचारलं.

“काढते,” ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही.

“त्या दिवशी काही वेगळं वाटलं होतं?”

तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं. मी रजिस्टरच्या कव्हरकडे बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, “नाय.”

दुसऱ्या दिवसापासून तिला गेटवरच अडवलं. तिच्या मेडिकल कार्डावर ‘अनफिट’चा शिक्का पडला, त्यामुळे त्या पट्ट्यातला खाण्याच्या वस्तूंचा एकही कारखाना तिला उभं करणार नव्हता. तिच्या पोटातही ते जंतू आहेत का, याची तपासणी केली होती, तिचा रिपोर्ट महिन्याभराने आला. संपूर्ण स्वच्छ. तो माझ्याच टेबलावर आला आणि मी तो फायलीत लावून टाकला. पर्मनंटची यादी तिच्या नावाशिवाय नव्याने टाइप झाली. मला चोख रेकॉर्ड ठेवल्याबद्दल शाबासकी मिळाली, वर्षअखेरीला बढतीही. लाज वाटली का? वाटली. पण घेतली.

गेल्या महिन्यात नावड्याच्या नाक्यावर ती दिसली. गोणपाटावर माठ आणि मेथीच्या जुड्या मांडून बसली होती आणि गिऱ्हाइकांना भराभर जुड्या काढून देत होती. मला निघून जाता आलं असतं. का कोण जाणे, जाऊन समोर बसले. तिने ओळखलं. “बरी हास ना ग बाय?” म्हणाली. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. “मावशी, वासाचं तुम्ही का नाही सांगितलंत तेव्हा?”

ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. “तू सांगशील म्हनून थांबली,” ती म्हणाली.

मेथी घ्यायची म्हणून मी पिशवी पुढे केली. सवयीने तिचा हात जुडीवर गेला, आणि मध्येच तिने तो मागे घेऊन पदराला पुसला. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सहन केला असता.

“तूच उचल बाय,” ती म्हणाली. “माझा हात नको.”